देणं म्हणजे दान की उधारी? मावशींचे नऊशे रुपये

(पॉडकास्टच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

कोणी खापरीच्या मेट्रोत उभ्याने ऐकत असेल, कोणी स्वयंपाक करताना, कोणी रात्री कूलरसमोर पडून. जिथे असाल तिथे स्वागत.

आजचा विषय आहे पैसा. म्हणजे श्रीमंती, देणगी, गरिबांची काळजी आणि यावर ख्रिस्ती शिकवण काय सांगते ते. मी ख्रिस्ती घरात वाढलो, पण तुमच्यातले बरेच जण नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून जे शब्द फक्त चर्चमध्ये वापरतात ते सोपे करून सांगतो. आणि हो, आज मी प्रवचन देणार नाही. आज मी माझी एक चूक सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय हा विषय मला बोलताच येत नाही.

तर झालं असं. गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या तरुण संघात मला बोलायला सांगितलं होतं. विषय होता उदारपणा. मी म्हटलं, सोपं आहे. कारण मी तसा उदार माणूस! पहिला पगार झाला तेव्हापासून दशांश देतो. दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाच्या कामासाठी बाजूला काढायचा. मी तर ऑटो-पे लावून ठेवलाय. एक तारखेला पगार येतो, दोन तारखेला दशांश जातो. विचार करायचीही गरज नाही. त्या महिन्यात एका अनाथाश्रमालाही पैसे पाठवले होते आणि स्टेटसला स्क्रीनशॉट टाकला होता. चाळीस-पन्नास हार्ट आले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग लॅपटॉप उघडून स्लाइड करायला बसलो. बायबलमध्ये पैशाबद्दल काय काय आहे ते शोधत होतो. शोधता शोधता जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात आलो, चोविसावा अध्याय. तिथे मोशेच्या नियमशास्त्रात एक नियम आहे. त्याचा मतलब असा, की रोजंदारीवर काम करणाऱ्या गरीब माणसाची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. का? कारण त्याचा जीव त्या पैशावर अडकलेला असतो. तुम्ही थांबवलीत आणि त्याने देवाकडे तक्रार केली, तर तो दोष तुमचा. मग नव्या करारात याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. तिथे तर याकोब श्रीमंतांना सरळ सुनावतो, की ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे, आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत गेला आहे.

तिथे मी थांबलो. कारण माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या टॅबमध्ये एक एक्सेल शीट उघडी होती. घरखर्चाची. आणि त्यात एक ओळ होती, "मावशी, नऊ दिवस गैरहजर, वजा ९००".

शीटमधली ती ओळ

आमच्याकडे एक मावशी कामाला येतात. झाडू, पोछा, भांडी. महिन्याचे तीन हजार. सप्टेंबरमध्ये त्यांच्या मुलाला डेंगू झाला. त्या नऊ दिवस आल्या नाहीत. घरचा हिशोब मीच बघतो, म्हणून मी सरळ गणित केलं. तीन हजार भागिले तीस, गुणिले नऊ. नऊशे कापले आणि हातात एकवीसशे ठेवले. त्यांनी मोजले आणि म्हणाल्या, "बरं भाऊ." बस.

आता ऐका. त्याच महिन्यात मलाही व्हायरल ताप आला होता. मी तीन दिवस सिक लीव्ह टाकली, पांघरूण घेऊन सिरीज बघितली. माझा पगार पूर्ण आला. एक रुपया कापला नाही कोणी. आणि माझ्या डोक्यातही आलं नाही की यात काही विचित्र आहे.

नंतर आईकडून कळलं, मावशींनी मुलाच्या औषधपाण्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं होतं. म्हणजे मी अनाथाश्रमाला पैसे पाठवत होतो, चर्चला दशांश देत होतो, आणि माझ्या घरात रोज येणाऱ्या बाईचे नऊशे रुपये माझ्याच खिशात होते. आता तुम्ही म्हणाल, अरे, सगळेच कापतात, त्यात काय एवढं. मीही हेच म्हणत होतो. तेच तर बोलायचंय आज.

एक शब्द, दोन अर्थ

आपल्या मराठीत "देणं" या शब्दाचे दोन अर्थ आहेत बघा. एक म्हणजे दान, भेट. आणि दुसरा म्हणजे उधारी. "माझं त्याला देणं आहे" म्हणतो ना आपण, तसं. मला वाटतं बायबलची पैशाबद्दलची सगळी शिकवण या दोन अर्थांच्या मधे उभी आहे. आपण ज्याला पहिल्या अर्थाचं देणं समजतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाचं निघतं.

उदाहरण देतो. लेवीय नावाच्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात शेतीचा एक नियम आहे. पीक कापताना शेताच्या कडा पूर्ण कापू नका. खाली पडलेली कणसं परत जाऊन गोळा करू नका. द्राक्षमळा झाडून साफ करू नका. ते गरिबाचं आणि परक्या माणसाचं. आपल्याकडे याला शब्द आहे, सरवा. ज्यांचे आजी-आजोबा शेतात राबले त्यांनी ऐकला असेल. बायबलमध्ये रूथ नावाची विधवा परक्या देशात येते आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवते. आता मुद्दा काय आहे? ती बवाजाच्या दारात हात पसरत नाही. सरवा हा नियमाने तिचाच आहे. शेत बवाजाचं, पण कडा तिच्या. आणि वेचायचं तिने स्वतःच्या हाताने, मान वर ठेवून.

पुढे चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात कैसरिया नावाच्या शहरात बेसिल म्हणून एक धर्मगुरू होऊन गेले. ३६८-६९ च्या आसपास तिथे मोठा दुष्काळ पडला. व्यापाऱ्यांनी धान्य दाबून ठेवलं. बेसिल त्यांना चर्चमध्ये उभं राहून काय म्हणाले? दान करा, पुण्य मिळेल असं नाही म्हणाले. ते म्हणाले, तुझ्या कोठीत जास्तीची भाकरी आहे ती भुकेल्याची आहे, पेटीतला जास्तीचा अंगरखा उघड्याचा आहे. म्हणजे चोर कोण, विचार कर! आणि नुसतं बोलले नाहीत. धान्याची कोठारं उघडायला लावली, अन्नछत्र चालवलं, आणि नंतर शहराबाहेर गरिबांसाठी आणि आजाऱ्यांसाठी मोठी वस्ती उभी केली. कुष्ठरोग्यांनासुद्धा तिथे जागा होती.

गेटजवळचा माणूस

येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे, लूकच्या सोळाव्या अध्यायात. एक श्रीमंत माणूस, भारी कपडे, रोज मेजवानी. त्याच्या दाराशी लाजर नावाचा गरीब माणूस पडलेला, अंगभर फोडं. दोघं मरतात. लाजर सुखात जातो, श्रीमंत यातनेत.

या गोष्टीत दोन बारीक गोष्टी आहेत. पहिली, श्रीमंताने काही वाईट केलं असं कुठेच लिहिलेलं नाही. चोरी नाही, मारहाण नाही, लाजरला हाकललंही नाही. तो फक्त रोज त्याच्या बाजूने गेला. दुसरी, गोष्टीत गरिबाला नाव आहे आणि श्रीमंताला नाही. आपल्या जगात उलटं असतं ना? मॉलवर, दवाखान्यावर, शाळेवर देणगीदाराचं नाव संगमरवरात असतं. आणि गेटवरच्या वॉचमन काकांचं नाव? मी आमच्या सोसायटीत चार वर्षं राहतोय. ॲपमध्ये डिलिव्हरी ॲप्रूव्ह करतो, काका गेट उघडतात. त्यांचं नाव मला मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

याचा अर्थ पैसा वाईट असा नाही हां. येशूसोबत फिरणाऱ्या काही बायका स्वतःच्या पैशातून सगळ्यांचा खर्च चालवत होत्या, हे लूकनेच लिहिलंय. पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा पैशाच्या लोभाला दोष देतो, पैशाला नाही. एमआयएचं पॅकेज चांगलं मिळालं, गाडी घेतली, घर घेतलं, यात पाप नाही. प्रश्न एवढाच, की गाडीची काच वर केल्यावर बाहेरचं दिसायचं बंद होतं का.

विधवेची दोन नाणी आणि स्क्रीनवरचा क्यूआर कोड

आता थोडं आमच्याच लोकांबद्दल बोलतो. मोबाईलवर असे प्रचारक भरपूर दिसतात. मागे लाइट, पुढे माइक, खाली क्यूआर कोड. पेरा आणि शंभरपट कापा, हजार टाका, देव लाख देईल. आणि पुरावा म्हणून हमखास एक गोष्ट सांगतात. मंदिरात श्रीमंत लोक भरपूर दान टाकत होते, एका गरीब विधवेने दोन छोटी नाणी टाकली, आणि येशू म्हणाला की तिने सगळ्यांपेक्षा जास्त दिलं. म्हणून तुम्हीही सगळं द्या!

पण मार्कचा बारावा अध्याय काढून त्या गोष्टीच्या अगदी आधीचं वाचा. तिथे येशू धर्मशिक्षकांबद्दल सावध करतो. लांब झगे घालून मिरवणारे, लांब लांब प्रार्थना करणारे, आणि विधवांची घरं गिळणारे. आणि लगेच पुढे ही विधवा येते आणि पोटाचं होतं नव्हतं ते टाकते. येशूला तिचं कौतुक आहेच. पण दोन्ही एकत्र वाचलं की प्रश्न पडतो, तिच्याकडे दोनच नाणी का उरली होती? कोणी गिळलं बाकीचं? ही गोष्ट गरिबाकडून पैसे काढायला वापरणं म्हणजे कमालच आहे.

म्हणून सरळ सल्ला. चर्च असो, मंदिर असो, एनजीओ असो, पैसे देता तिथे हिशोब मागा. मागितल्यावर जो रागावतो त्याला देऊ नका.

दुष्काळातून आलेल्या मुली

आता आपल्या मातीतलं उदाहरण. पंडिता रमाबाई. शाळेत दोन ओळी वाचल्या असतील. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे संस्कृत पंडित. मुलीला आणि बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. घरात होतं ते तीर्थयात्रांत आणि दानधर्मात संपलं. मग दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ पायी देशभर फिरले, उपाशी राहिले. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं इथून येतं.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुण्याला हलवलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि मध्य प्रांत होरपळला. मध्य प्रांत म्हणजे आपलाच भाग, राजधानी नागपूर. रमाबाई पुण्याहून तिथे गेल्या, कारण उपाशी मुलीचं काय होतं हे त्यांना स्वतःच्या पोटातून माहीत होतं. शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ, इतक्या जणींना ठेवायला जागा नाही. दौंडजवळ केडगावला त्यांनी शेतजमीन घेतलेली होती, तिथे नेल्या. १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० पर्यंत तिथे दीड हजाराच्या आसपास बायका-मुली होत्या.

आणि त्या मुलींना नुसतं जेवण नाही दिलं. वाचायला-लिहायला शिकवलं, शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी काम पूर्ण झालं. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. विचार करा, दुष्काळात रस्त्यावर पडलेली मुलगी, आणि तिच्या हातात कंपोझिंगचं काम. मला रूथ आठवते. शेतात जागा दिली, वेचलं तिने.

आता अवघड गोष्ट टाळणार नाही. तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, मदतीच्या नावाखाली धर्मांतर. हा आरोप रमाबाईंवर तेव्हाही झाला. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळतात या कारणावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. ही साधी माणसं नव्हती, विरोधकही नव्हती, मदत करणारी होती. रमाबाईंचं म्हणणं, मी सक्ती करत नाही. इतिहासकार वाद घालत राहतील. पण माझ्यासाठी कसोटी येशूच्याच गोष्टीत आहे. रस्त्यात लुटलेला, अर्धमेला माणूस. स्वतःच्या धर्माचे दोन जण बाजूने निघून जातात. तिसरा शोमरोनी, म्हणजे ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवत नसत. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, धर्मशाळेत नेतो, दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे देतो आणि म्हणतो, जास्त लागले तर परत येताना देईन. तो त्याला जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, उद्या माझ्या प्रार्थनेला ये म्हणत नाही. मदतीच्या बदल्यात काहीही मागितलं की तो सौदा झाला. हे आम्हा ख्रिस्ती लोकांना आधी लागू आहे.

उंबराखालचा हिशोब

आता परत माझ्या शीटवर. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय आहे. यरीहो गावचा जकातदारांचा मुख्य, लोकांकडून जास्त वसूल करून श्रीमंत झालेला. बुटका होता म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू म्हणाला, उतर, आज तुझ्या घरी येतो. गावाने नाकं मुरडली. आणि जक्कय काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत.

बघा, दोन वेगळे आकडे आहेत. अर्धं हे दान. चौपट ही उधारी. दान दिलं म्हणून उधारी माफ झाली असं जक्कय म्हणत नाही. माझा हिशोब इथेच चुकला होता. मी दशांशाच्या पुण्यातून मावशींचे नऊशे वळते करून घेतले होते.

मी शीटमध्ये मागे गेलो. दोन वर्षांत एकूण सत्तावीस दिवस कापले होते. डेंगूचे नऊ, दिराच्या मौतीचे चार, बाकी असेच. २,७०० रुपये. चौपट केले, १०,८०० झाले. पाकिटात घातले आणि थोडं, काय सांगू, सिनेमातल्यासारखं वाटत होतं मला. मावशी आल्या, पाकीट दिलं, माफी मागितली, चौपटीचं सांगितलं.

मावशींनी पाकीट उघडलं, बघितलं आणि म्हणाल्या, "एवढे काऊन देता भाऊ? मी काही मांगतलं का तुमाले? जेवढे कापले तेवढे द्या. अन् पुढच्या बारीले पोरगं बिमार पडलं तं कापू नका. अन् सुट्टीचं काय ते आताच सांगून ठेवा."

मी आधी थोडा हिरमुसलो. मला माझा जक्कयचा क्षण पाहिजे होता ना! पण मग कळलं. त्यांना माझं मोठं मन नको होतं. त्यांना नियम पाहिजे होता. मन आज मोठं असतं, उद्या लहान. नियम राहतो.

मग आम्ही, म्हणजे मी, आई आणि मावशी, टेबलवर बसून ठरवलं. महिन्याला चार सुट्ट्या पगारी. घरात आजारपण असेल तर वेगळ्या. आम्ही गावाला गेलो तरी पगार पूर्ण. दर वर्षी वाढ. दिवाळीला एक महिन्याचा पगार. पगार एक तारखेलाच, माझा दशांश जायच्या आधी. कागद फ्रिजवर लावलाय. २,७०० मावशींनी घेतले. उरलेले परत केले.

तुमच्यासाठी होमवर्क

पहिल्या ख्रिस्ती मंडळीत एक भांडण झालं होतं, प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटून जात होत्या. तक्रार आली. प्रेषितांनी त्या विधवांना "धीर धरा, प्रार्थना करा" असं सांगून घरी नाही पाठवलं. सात माणसं नेमली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, बग रिपोर्ट आला, टीम लावली, फिक्स केला. प्रेम होतंच, पण व्यवस्थाही लागली.

तर या आठवड्यात तीन कामं करा. एक, तुमच्या घरी किंवा ऑफिसात राबणाऱ्या तीन माणसांची नावं आणि सुट्टीचा नियम विचारा. पीजीत राहत असाल तर मेसच्या काकूंपासून सुरू करा. दोन, कोणाचं काही देणं राहिलंय का बघा. मित्राचे पाचशे, इलेक्ट्रिशियनचे दोनशे, छोट्या दुकानाचं बिल. आधी ते द्या. तीन, मग दान करा, मनापासून, आणि स्क्रीनशॉट टाकू नका. येशूने उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नका असं शिकवलंय, स्टेटस तर लांबची गोष्ट.

माझं सगळं सुधारलंय असं नाही. परवा ऑनलाइन भाजी मागवली तेव्हा पावसात भिजत आलेल्या पोराला उशीर झाला म्हणून मी चिडलोच. मग लिफ्टपर्यंत मागे गेलो, सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "होते दादा." बघू, हळूहळू.

तरुण संघातलं ते भाषण? दिलं. स्लाइड दाखवल्या नाहीत, ही शीट दाखवली. नंतर दोघं-तिघं बाजूला येऊन म्हणाले, आमच्याकडेही कापतात रे. मग तेव्हा ठरवलं, हे इथेही बोलायचं.

तुमच्या घरी काय नियम आहे, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि एक तारीख विसरू नका!